सप्तवार्षिक युद्धाचं पारडं नेमकं कुठे फिरलं?

बखरवाचक (प्रश्न)

पानिपतावर वाचताना एका तारखेपाशी थबकलो. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं आणि दोनच दिवसांनी, १६ जानेवारीला, फ्रेंच सेनापती लालीने पाँडिचेरी इंग्रजांच्या हवाली केली. आपल्याकडे या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत शिकवतात. पाँडिचेरी 'कर्नाटकातली युद्धे' या धड्यात येते, आणि तेच युद्ध (एका बाजूला इंग्लंड आणि प्रशिया, दुसऱ्या बाजूला फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि रशिया) कॅनडापासून प्रशियापर्यंत चालू होतं हे त्या धड्यात एका ओळीत उरकलेलं असतं.

म्हणून १७५६ ते १७६३ या काळातल्या सगळ्या आघाड्यांची एकच तारीखवार यादी करायला घेतली. १८ जून १७५७ ला कोलिन इथे ऑस्ट्रियाने प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला पहिल्यांदा हरवलं, आणि पाचव्या दिवशी, २३ जूनला, प्लासी. १ ऑगस्ट १७५९ ला मिंडेन, १२ ऑगस्टला कुनर्सडॉर्फ, १३ सप्टेंबरला क्वेबेक. यादी लांबत चालली आहे, पण या सगळ्यांतला खरा निर्णायक क्षण कुठला ते ठरवता येत नाही. बहुतेक पुस्तकं क्वेबेक म्हणतात, काही जण रशियाच्या राणीचा मृत्यू म्हणतात. तुमचं मत काय? आणि नुसतं नाव सांगू नका, कारणही सांगा. तो क्षण वेगळा गेला असता तर काय बदललं असतं, हे मला समजून घ्यायचं आहे.

---

जुनी_पानं

माझ्या मते ५ जानेवारी १७६२. त्या दिवशी सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियाची राणी एलिझाबेथ वारली.

फ्रेडरिकची अवस्था बघा. कुनर्सडॉर्फला रशियन आणि ऑस्ट्रियन फौजांनी त्याचं सैन्य इतकं मोडलं की रात्री त्याने लिहिलं, अठ्ठेचाळीस हजारांतले तीन हजारही आता हाताशी नाहीत. त्यानंतर दोन्ही फौजा बर्लिनवर चालून गेल्या नाहीत, आपसांत अविश्वास होता म्हणून तो वाचला. पण १७६१ च्या अखेरीस त्याची श्वाइडनिट्झ आणि कोलबर्ग ही ठाणी गेली, आणि पूर्व प्रशिया तर १७५८ पासून रशियाकडेच होता. तिथल्या कोनिग्सबर्ग शहरातल्या लोकांनी राणीच्या निष्ठेची शपथही घेतली होती. आणि मग गादीवर आला तिसरा पीटर, फ्रेडरिकचा भक्त. मे महिन्यात तह केला, जिंकलेलं सगळं परत दिलं, वर स्वतःची फौज फ्रेडरिकच्या मदतीला पाठवली.

यातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. जुलै १७६२ मध्ये पीटरला पदच्युत केल्याची बातमी आली तेव्हा चेर्निशेवची रशियन तुकडी फ्रेडरिकच्या छावणीतच होती. तिला परतीचा हुकूम आला. फ्रेडरिकने चेर्निशेवला गळ घातली: लढू नका, पण तीन दिवस जागचे हलू नका. समोरच्या ऑस्ट्रियन सेनापतीला वाटत राहिलं की रशियन अजून शत्रूच्या बाजूने उभे आहेत, म्हणून त्याने आपली काही फौज त्यांच्यासमोर गुंतवून ठेवली, आणि २१ जुलैला बुर्कर्सडॉर्फची लढाई फ्रेडरिकने मारली. नुसतं उभं राहून फौज कामाला येते ती अशी.

---

दर्यावर्दी

बखरवाचक, तुमच्या यादीत एक तारीख नाही, आणि माझ्या लेखी तीच सगळ्यांत मोठी आहे. २० नोव्हेंबर १७५९, किबरॉनचा उपसागर, फ्रान्सचा पश्चिम किनारा.

मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर होतो. बिस्केच्या उपसागरातून नोव्हेंबरात गेलो आहे. तिथे त्या महिन्यात दुपारी साडेचार-पाचला अंधार पडतो. पश्चिमेकडून अख्खा अटलांटिक ओलांडून आलेल्या लांब लाटा जहाजाला बाजूने उचलतात आणि वारा तुम्हाला सतत किनाऱ्याकडे ढकलत असतो. माझ्या जहाजाला इंजिन होतं, रडार होतं, खडकांच्या जागा दाखवणारा नकाशा होता, तरीही त्या किनाऱ्याच्या जवळ जायला कुठलाही कप्तान राजी नसे. इंग्रज ॲडमिरल हॉककडे यातलं काहीही नव्हतं. शिडाची अवजड जहाजं, किनारा अनोळखी, वाटाडे नाहीत, वादळी वारा पाठीशी आणि दिवस संपत आलेला.

आता हे सगळे तिथे कशाला जमले होते ते सांगतो. फ्रान्सचा मंत्री श्वाझल याने ठरवलं होतं की अमेरिकेत आणि हिंदुस्थानात इंग्रजांच्या मागे धावण्यापेक्षा थेट इंग्लंडवरच उतरायचं. मोरबियाँच्या खाडीत फौज गोळा झाली होती. तिला सोबत करायला दोन आरमारं एकत्र यायची होती, एक तुलाँहून, एक ब्रेस्टहून. तुलाँचं आरमार ऑगस्टमध्ये पोर्तुगालजवळ लागोसला इंग्रज ॲडमिरल बॉस्कावेनने मोडलं. राहिलं ब्रेस्ट.

ब्रेस्टच्या तोंडाशी हॉक उन्हाळ्यापासून ठाण मांडून बसला होता. तोवर नाकेबंदी अशी महिनोन्महिने टिकत नसे, कारण जहाजावरचे लोक आजारी पडत. हॉकने प्लिमथहून जिवंत गुरं, भाजीपाला आणि ताजी बिअर भर समुद्रात आणवायची व्यवस्था लावली आणि माणसं धडधाकट राहिली. युद्धाच्या इतिहासात तोफांवर पानंच्या पानं लिहितात, पण मला विचाराल तर ती कोबी आणि कांद्याची गलबतं या विजयात निम्म्याची वाटेकरी आहेत. खलाशी आजारी असला की शीड आवळायला हात कमी पडतात, आणि वादळात तेवढ्यानेच जहाज जातं.

फ्रेंचांची बाजू याच्या नेमकी उलट होती. १७५५ मध्ये, युद्ध जाहीर होण्याआधीच, इंग्रजांनी त्यांची सुमारे तीनशे व्यापारी जहाजं पकडली आणि हजारो कसलेले खलाशी कैदेत टाकले. १७५७ च्या अखेरीस कॅनडातल्या लुईबर्गहून परतलेल्या आरमाराने ब्रेस्टमध्ये टायफसची साथ आणली, त्यात आणखी हजारो मेले. जहाजं बांधता येतात, पण शिडावर चढून काम करणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. ब्रेस्टच्या आरमाराचा प्रमुख कॉन्फ्लाँ, त्याच्या जहाजांवर किनाऱ्यावरून भरती केलेली, समुद्र न पाहिलेली माणसं होती.

नोव्हेंबरात वादळाने हॉकला इंग्लंडच्या टॉरबे बंदरात ढकललं. ती संधी साधून १४ तारखेला कॉन्फ्लाँ ब्रेस्टमधून बाहेर पडला. त्याच दिवशी हॉकही टॉरबेहून निघाला. २० ला सकाळी किबरॉनच्या बाहेर त्याने फ्रेंचांना गाठलं. कॉन्फ्लाँकडे २१ मोठी जहाजं होती, हॉककडे दोन-तीन जास्त. कॉन्फ्लाँने काढलेला निष्कर्ष कुठल्याही शहाण्या दर्यावर्द्याने काढला असता: आपण खडकांच्या आत शिरू, आपले लोक इथल्या पाण्यातले आहेत, अशा वाऱ्यात इंग्रज मागून येणार नाहीत.

हॉक मागून आला. त्याचा हिशेब साधा होता, जिथे फ्रेंच जहाज जातं तिथे पाणी आहे, म्हणजे त्याच्या पाठोपाठ जाता येईल. कार्दिनो नावाचे खडक ओलांडून दोन्ही आरमारं एका अरुंद, उथळ उपसागरात एकमेकांत मिसळली. 'तेझे' नावाच्या ७४ तोफांच्या फ्रेंच जहाजाने खालच्या मजल्यावरच्या तोफा चालवण्यासाठी झडपा उघडल्या. अशा समुद्रात खालच्या झडपा पाण्यापासून जेमतेम काही फूट वर असतात. जहाज कललं, झडपांतून पाणी आत घुसलं आणि ते काही क्षणांत बुडालं. सहाशेहून अधिक माणसांतून बावीस वाचली. 'सुपर्ब' हॉकच्या जहाजाच्या माऱ्याने बुडालं. मग अंधार पडला आणि सगळ्यांनी जागच्या जागी नांगर टाकले.

पहाटे कॉन्फ्लाँला दिसलं की आपण इंग्रजांच्या मधोमध नांगरून आहोत. त्याचं 'सोलेय रोयाल' किनाऱ्यावर घुसलं आणि पुढे फ्रेंचांनीच ते पेटवून दिलं. सात जहाजं तोफा समुद्रात फेकून, हलकी होऊन, विलेन नदीच्या गाळात शिरली आणि वर्षाहून अधिक काळ तिथेच अडकून पडली. हॉकची दोन जहाजं खडकावर गेली, शत्रूच्या हातून एकही नाही.

---

बखरवाचक

दर्यावर्दी, लढाई डोळ्यांसमोर उभी राहिली. पण एक शंका. क्वेबेक तर सप्टेंबरातच पडलं होतं, किबरॉनच्या दोन महिने आधी. मग कॅनडाच्या निकालाशी किबरॉनचा संबंध कसा? शिवाय मद्रास आणि पाँडिचेरीचं काय?

---

दर्यावर्दी

क्वेबेकपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं वाचन तिथेच थांबतं. १३ सप्टेंबरला इंग्रज सेनापती वुल्फ आणि फ्रेंच सेनापती माँकाल्म दोघेही जखमी होऊन मेले, शहर इंग्रजांकडे गेलं, चित्रकारांनी चित्रं काढली. पण फ्रेंच फौज संपली नव्हती. ती माँट्रियलला गेली. ऑक्टोबरात इंग्रज आरमार परत फिरलं, कारण सेंट लॉरेन्स नदी हिवाळ्यात गोठते. क्वेबेकमधल्या इंग्रजांनी उपासमारीत आणि स्कर्व्हीत हिवाळा काढला. २८ एप्रिल १७६० ला फ्रेंच सेनापती लेव्ही फौज घेऊन आला आणि क्वेबेकच्या बाहेर, सेंत-फ्वाला, त्याने इंग्रजांना हरवलं. म्हणजे क्वेबेकपाशी झालेली शेवटची मोठी लढाई फ्रेंचांनी जिंकली आहे! इंग्रज तटाच्या आत कोंडले गेले. त्यांची माणसं आजारी होती आणि लेव्हीकडे मोठ्या तोफा नि दारूगोळा कमी होता. नदीचा बर्फ फुटत होता. आता सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबलं, पहिलं जहाज कोणाचं येणार?

९ मे रोजी नदीच्या वळणावर एक शीड दिसलं. तटावरचे आणि तटाबाहेरचे, दोघंही निशाण ओळखायचा प्रयत्न करत होते. जहाज होतं 'लोस्टॉफ्ट', निशाण इंग्रजांचं. आठवडाभरात आणखी जहाजं आली आणि लेव्हीने वेढा उठवला. सप्टेंबरात माँट्रियलही गेलं. फ्रान्सने काहीच पाठवलं नव्हतं असंही नाही. बॉर्डोहून पाच-सहा छोटी जहाजं निघाली होती. काही वाटेतच सापडली, उरलेली कॅनडातल्या रेस्टिगूश नदीत जुलैमध्ये नष्ट झाली. त्यांना सोबत करायला लढाऊ आरमार असायला हवं होतं, आणि ते विलेनच्या गाळात रुतलं होतं.

आता मद्रास. लालीने डिसेंबर १७५८ मध्ये मद्रासला वेढा घातला. १६ फेब्रुवारी १७५९ ला समुद्रात सहा इंग्रज जहाजं दिसली आणि त्याच रात्री लालीला वेढा उठवावा लागला. जहाज कोणाचं आलं याच प्रश्नाने तिथेही निकाल लावला. पुढे सप्टेंबरात इंग्रज ॲडमिरल पोकॉक आणि फ्रेंच ॲडमिरल दाशे यांची पाँडिचेरीसमोर लढाई झाली. तशी बरोबरीतच सुटली, पण दाशे थोड्याच दिवसांत मॉरिशसला निघून गेला आणि परत आलाच नाही. लोक त्याला भित्रा म्हणतात, ते मला पटत नाही. कोरोमंडल किनाऱ्यावर त्या काळी सुरक्षित बंदर नव्हतं. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी सुरू झाला की आरमाराला उघड्या समुद्रात थांबणं धोक्याचं. इंग्रज जहाजं अशा वेळी मुंबईला जाऊ शकत होती. तिथे १७५० मध्ये लवजी वाडियांनी बांधलेली सुकी गोदी होती, सागवान होतं, कसबी सुतार होते. दाशेला जावं लागे ते मॉरिशसला, आणि ते बेट स्वतःचं पोटही भरू शकत नव्हतं. डोलकाठी मोडली तर दुसरी कुठून आणणार? जहाजावर काम केलेला माणूस दाशेला दोष देताना दहा वेळा विचार करील.

२२ जानेवारी १७६० ला वांदिवाशला इंग्रज सेनापती कूटने लालीला हरवलं, हैदराबादेत निजामाकडे राहिलेला फ्रेंच सेनानी बुसी पकडला गेला. मग पाँडिचेरीची कोंडी. १ जानेवारी १७६१ ला चक्रीवादळाने शहरासमोर नांगरलेली इंग्रज आरमाराची कित्येक जहाजं बुडवली किंवा किनाऱ्यावर फेकली. पाँडिचेरीला सुटकेची एवढी एकच संधी मिळाली. त्या आठवड्यात फ्रेंचांची चार जहाजं धान्य घेऊन आली असती तर शहर कदाचित तगलं असतं. एकही आलं नाही. काही दिवसांत नाकेबंदी पुन्हा उभी राहिली आणि पंधरवडा उलटताच लालीने शहर सोपवलं.

जुनी_पानं, तुमचा मुद्दा मी कमी लेखत नाही. एलिझाबेथ आणखी वर्षभर जगती तर प्रशियाचं काय झालं असतं ते सांगवत नाही. पण फेब्रुवारी १७६३ च्या हुबर्टसबुर्ग तहात सीमा युद्धाआधी होत्या तिथेच ठेवल्या गेल्या. सायलेशिया आधीही फ्रेडरिककडे होता, नंतरही राहिला. नकाशा पालटला तो समुद्रापलीकडचा. म्हणून माझं मत किबरॉनला.

---

खतावणी

दर्यावर्दींच्या म्हणण्यात पैशाची बाजू जोडतो. १७५९ चा शरद फ्रान्ससाठी दिवाळखोरीचाही आहे. ऑक्टोबरात कॅनडाच्या हुंड्यांचे पैसे देणं सरकारने थांबवलं, इतर देणीही तहकूब केली. अर्थमंत्री सिलुएतला नोव्हेंबरात जावं लागलं. राजाने स्वतःची चांदीची भांडी टांकसाळीत वितळवायला पाठवली. मग ब्रेस्टचं आरमार पुन्हा उभारायचं कशातून?

इंग्लंडही कर्जातच लढत होतं. राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं, ते युद्धाअखेर तेरा कोटींच्या पुढे गेलं. फरक असा की व्याज संसदेच्या हमीवर वेळेवर मिळत होतं, म्हणून लोक पुढचं कर्ज द्यायला तयार होते. त्यातूनच प्रशियाला दरसाल ६ लाख ७० हजार पौंड जात होते. फ्रेडरिकचा चमत्कार म्हणताना हा आकडाही शेजारी मांडायला हवा.

---

गडवाट

तुमच्या यादीत एक नोंद युद्ध सुरू होण्याच्या जरा आधीची घ्या: फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग.

क्लाइव्ह आणि ॲडमिरल वॉटसन यांना मुंबईला आणलं होतं ते दख्खनमध्ये बुसीवर जायला, पेशव्यांना बरोबर घेऊन. दरम्यान इंग्रज आणि फ्रेंच कंपन्यांत तात्पुरता समेट झाला होता आणि ही मोहीम रद्द झाली. रिकाम्या बसलेल्या त्या आरमाराला काम मिळालं तुळाजी आंग्र्यांवर. नानासाहेब पेशव्यांचीही त्याला संमती होती. विजयदुर्गाच्या खाडीत नांगरलेलं आंग्र्यांचं आरमार तोफांच्या माऱ्याने पेटलं आणि एका दिवसात जळून गेलं. कान्होजींच्या काळापासून पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना रोखणारी जहाजं होती ती. हे मला आजही फार लागतं. तेच वॉटसन आणि क्लाइव्ह तिथून मद्रासला गेले, जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतलं, मार्चमध्ये फ्रेंचांचं चंद्रनगर घेतलं, आणि जूनमध्ये प्लासी.

आणि बुसी. १७५८ मध्ये लालीने त्याला हैदराबादेतून परत बोलावलं. निजाम सलाबतजंगाचा आधार गेला. पुढल्या वर्षी इंग्रजांनी मच्छलीपट्टण घेतलं, आणि फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला भाऊसाहेबांनी निजामाला गुडघ्यावर आणलं. त्या वेळी आपल्या तोफखान्यावर होता इब्राहिमखान गारदी, बुसीच्याच तालमीतला. वांदिवाश आणि उदगीर यांत दोन आठवड्यांचंही अंतर नाही.

---

बखरवाचक

गडवाट, ही साखळी कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. यादीत आजच घेतो.

दर्यावर्दी, शेवटचा प्रश्न. एवढं करून घेतलेली पाँडिचेरी १७६३ च्या पॅरिस तहात इंग्रजांनी परत का दिली?

---

दर्यावर्दी

परत काय दिलं आणि कुठल्या अटीवर दिलं, ते बघा. स्पेन १७६२ मध्ये युद्धात उतरला आणि त्याच वर्षी दोन मोठी बंदरं गमावून बसला. ऑगस्टमध्ये हवाना गेलं. तिथे इंग्रजांची माणसं गोळीपेक्षा तापाने कितीतरी जास्त मेली. ऑक्टोबरात मनिला गेलं, आणि ती मोहीम निघाली होती मद्रासहून, कंपनीचे शिपाई घेऊन. पाँडिचेरी पडली नसती तर मद्रास एवढी माणसं आणि जहाजं मोकळी करूच शकलं नसतं. तहात हवाना परत देऊन इंग्रजांनी फ्लोरिडा घेतलं. मनिला पडल्याची बातमी वाटाघाटी चालू असताना युरोपात पोचलीच नव्हती, त्यामुळे ते मोबदल्याशिवाय परत करावं लागलं.

फ्रान्सने साखरेची बेटं, ग्वादेलूप आणि मार्तिनिक, परत मागितली आणि कॅनडा सोडला. न्यूफाउंडलंडजवळची दोन इवलीशी बेटंही हट्टाने मागून घेतली, कारण तिथल्या मासेमारीवर नवे खलाशी तयार होत. श्वाझलला आपलं आरमार कशामुळे बुडालं ते नेमकं कळलं होतं.

पाँडिचेरी आणि चंद्रनगर फ्रेंचांना मिळाले, पण पाँडिचेरीचे तट इंग्रजांनी आधीच पाडून टाकले होते, आणि तहात कलम घातलं की बंगालमध्ये फ्रेंचांनी किल्ला बांधायचा नाही, फौज ठेवायची नाही. वखार चालवा, व्यापार करा, एवढंच. प्लासीनंतर बंगालचा महसूल कंपनीच्या हाती येऊ लागला होता. तिथे दुसरी युरोपीय फौज नसणं हे लंडनला पाँडिचेरी ताब्यात असण्यापेक्षा कितीतरी मोलाचं होतं.